आतला नंबर

फोन आला तेव्हा मी उकडलेली अंडी सोलत होतो. रविवार, सकाळचे साडेनऊ, बायको समोर पेपर घेऊन बसलेली. "रत्नदीपभाऊ का? ठाकुर्लीवरनं बोलतोय, जगन, गिरणीवाला. तुमच्या घरच्या बाई पर्स विसरून गेल्या इथं." मी म्हटलं, आमच्या घरच्या बाई माझ्यासमोर बसल्यात, आम्ही ठाण्याला कोलशेतला राहतो आणि आमच्याकडे पीठ पाकिटातलं येतं, तुमचा नंबर चुकला. "चुकला कसा? कार्डावर हाच आहे. थांबा, वाचतो." आणि त्याने गिरणीच्या घरघरीवर आवाज चढवून वाचलं, "माझे नाव मंदाकिनी वैशंपायन. मी गोंधळलेली दिसले, घरचा पत्ता सांगता आला नाही, तर कृपया रत्नदीप यांना कळवावे." मग खाली लिहिलेले माझे दहा आकडे त्याने सुटे सुटे वाचले, आणि एकही चुकला नाही. माझ्या हातातलं अंडं भांड्यात पडलं. "येतो," म्हटलं, "तासाभरात येतो, दुसऱ्या कुणाला देऊ नका." शीलाने विचारलं, कोण रे? मी म्हटलं, ऑफिसचं. हल्ली खोटं बोलायला मला श्वाससुद्धा घ्यावा लागत नाही.

बाइक काढली आणि मोठागावच्या नव्या पुलाकडे निघालो. ऊन आत्ताच चटके देत होतं, खाडीला ओहोटी होती, चिखलाचा वास हेल्मेटच्या आत येत होता. मंदाकिनीताई म्हणजे ज्यांच्या खुर्चीवर मी आता बसतो त्या. सात महिने मी हे नाव टाळत आलेलो. ऑफिसात कुणी काढलं की मी पाण्याची बाटली भरायला उठायचो; दिवसाला चार-पाच बाटल्या व्हायच्या. आमचं काम सांगायला गेलं तर कंटाळवाणं आहे. लॅबा, दवाखाने, डायलिसिस सेंटरं यांचे प्रोग्राम आमच्या मशीनवर चालतात, ते चालू ठेवायचे. एका मोठ्या मशीनच्या पोटात वेगवेगळे कप्पे असतात, त्यांना कंटेनर म्हणतात. एका कप्प्यातल्याला दुसऱ्यातलं काही दिसत नाही, ज्याला त्याला वाटतं सगळं मशीन आपल्या बापाचं. आत जे जे काम चालू असतं त्याला नंबर मिळतो, आणि प्रत्येक कप्पा आपला एकपासून मोजायला लागतो. तेच काम बाहेरून, मूळ मशीनवरून बघितलं की नंबर दुसराच. काम एक, नंबर दोन. मी नवा आलेलो तेव्हा हे माझ्या डोक्यात शिरेना, तर ताईंनी चष्मा कपाळावर चढवून विचारलेलं, "तुझ्या सोसायटीत विंगा किती?" म्हटलं चार. "ए विंगेत तीनशे दोन आहे, बी विंगेतही आहे. नुसतं तीनशे दोन लिहून पार्सल पाठवलंस तर कुणाच्या दारात जाऊन पडेल? नंबर कधी एकटा घेऊ नये रे. कुठला, ते आधी विचारावं." मशीनवर प्रत्येक कामाची एक छोटी फाइल असते, तिच्यात एकाच ओळीत दोन्ही नंबर शेजारी शेजारी लिहिलेले असतात, बाहेरचा आणि आतला. ती ओळ बघायची, आतल्याचा बाहेरचा करून घ्यायचा, मगच हात लावायचा. अर्ध्या मिनिटाचं काम. सहा वर्षं मी ते रोज केलेलं, जेवायच्या आधी हात धुतात तसं.

चौदा ऑगस्टला माझ्याकडे अर्धं मिनिट नव्हतं असं म्हणायची सोय नाही. होतं, रग्गड होतं. पण माझ्या मागे शौनक आणि कादंबरी उभे होते, नुकते कामाला लागलेले, आणि मी त्यांच्यासमोर फुशारक्या मारत होतो, की हे काम पुस्तकातून येत नाही, बोटांत यावं लागतं. ताई त्या दिवशी घरून काम करत होत्या, एका लॅबच्या कप्प्यात शिरून. मूळ मशीनचा ताबा माझ्याकडे. त्यांचा फोन आला. "रत्नदीप, लॅबच्या रिपोर्टचं काम अडकलंय, मला आतून बंद करता येत नाही. आतला नंबर सांगते, तेवीसशे अठरा." आतला. म्हणाल्या. सरळ, स्वच्छ, नेहमीच्या त्या शाळेतल्या बाईंच्या आवाजात म्हणाल्या. मी "हं" म्हटलं. "बघून कर," म्हणाल्या आणि फोन ठेवला. आणि मी त्या दोघांकडे मान वळवून, कीबोर्डकडे न बघता, बाहेरच्या मशीनवर सरळ तेवीसशे अठरा मारला, म्हणजे जागच्या जागी बंद पाडला. "बघा," म्हटलं, "असं झटक्यात." बाहेरही एक तेवीसशे अठरा होता. तो होता डायलिसिस सेंटरांच्या याद्या सांभाळणारा डेटाबेस, मशीन सुरू झालं तेव्हापासून मुकाट चालत आलेला. आडदांडपणे मारल्यावर तो परत उठला, पण त्याची शेवटची पानं फाटलेली होती. कुणाची पाळी कधी, कुणाला किती तास, काही धड लागेना. दुपारी दोनपर्यंत आम्ही झुंजत होतो आणि तोवर तीन सेंटरांच्या बाकांवर माणसं बसून होती. टिटवाळ्याहून आलेले एक आजोबा चार तास बसून परत गेले आणि दुसऱ्या दिवशी सुजलेल्या पायांनी पुन्हा आले. कुणी दगावलं नाही. हे वाक्य मी स्वतःला इतक्या वेळा ऐकवलंय की आता माझाच आवाज मला हलकट वाटतो.

आठवड्याने मीटिंग झाली. प्रितम, आमचा साहेब, वयाने माझ्याएवढाच, त्याने ताईंना विचारलं, "मॅडम, हा आतला नंबर आहे असं तुम्ही सांगितलेलं का?" ताई म्हणाल्या, "सांगितलं असणार. मी नेहमी सांगते." "असणार की सांगितलं?" तेव्हा ताईंनी माझ्याकडे बघितलं. मदत मागायला नाही हो. घरात तारीख विसरली की माणूस भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघतं, तितक्या सहज. "रत्नदीप, मी म्हणाले होते ना रे?" आणि मी म्हटलं, "मला नक्की आठवत नाही." चार शब्द. टेबलावर बिस्किटांची बशी होती, मी तिच्याकडे बघून म्हटलं. मला आठवत होतं. आत्ताही आठवतंय, मागे पंखा कसा कटकट करत होता तेसुद्धा. आणि मला आणखीही एक गोष्ट माहीत होती, जी त्या खोलीत दुसऱ्या कुणालाच माहीत नव्हती. ताईंच्या आईला शेवटची सहा वर्षं कुणी ओळखू येत नव्हतं. पोटची मुलगी समोर बसून भरवायची आणि आई विचारायची, तुम्ही कुठल्या गावच्या? हे ताईंनी मला डबा खाताना सांगितलेलं, एकदाच, आणि म्हणालेल्या, "मला मरणाचं भय नाही, याचं आहे." म्हणजे नेम धरायचा झाला असता तरी मला याहून नेमकी जागा सापडली नसती. त्यांचा चेहरा त्या मीटिंगमध्ये कसा झाला ते मी बघितलं. रागावल्या नाहीत. आपल्याच आत कुठेतरी चाचपडायला लागल्या. "मग नसेन म्हणाले," त्या हळू बोलल्या, "हल्ली होतं असं."

रिपोर्ट मीच लिहिला. मूळ कारण या शीर्षकाखाली लिहिलं, की क्रमांक अपुऱ्या माहितीसह कळवला गेल्याने सदर घटना घडली. ताईंनी वाचून सही केली आणि म्हणाल्या, "छान लिहिलंयस. कुणाला लागेल असं काही नाही." महिन्याभरात त्यांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली. निरोपाला समोसे होते. जाताना आपली आवळासुपारीची डबी माझ्या टेबलावर ठेवून गेल्या, "तुला आवडते ना." ती अजून ड्रॉवरमध्ये आहे, मी उघडलेली नाही. अरे, उघडायला तोंड कुठलं?

गिरणीवाला जगन पिठाने पांढरा झालेला, पापण्यांपर्यंत. "बाई चांगल्या आहेत हो, पण घाबरलेल्या वाटतात. दळण घेताना तीनदा विचारलं, हे माझंच ना?" त्याने पर्स दिली. करड्या रंगाची, कडेला उसवलेली. उघडायची काही गरज नव्हती, कार्ड बाहेरच्याच कप्प्यात होतं, स्टेशनजवळच्या दुकानात लॅमिनेट करून घेतलेलं. तरी मी उघडली. चष्म्याचं घर, हातरुमाल आणि एक बोटभर वही. वहीत बारीक, सुंदर अक्षरात: नऊ पाच, गॅस बघितला. नऊ सात, परत बघितला. नऊ दहा, दार ओढले, मधुने पाहिले. मागची पानं उलटत गेलो. सोमवार, दूध उतू. गुरुवार, शेजारणीचे नाव पटकन आठवले नाही. पुढे कंसात: चार सेकंद. हात भरलेले असले की कुणीही पर्स विसरतं हो! पिठाचा डबा एका हातात, उन्हाची छत्री दुसऱ्या. मी आठवड्यातून दोनदा हेल्मेट विसरतो आणि त्याचं मला हसू येतं. ताईंच्या प्रत्येक विसरण्याला मात्र तारीख पडलेली होती, आणि पहिल्या पानावरची पहिली तारीख कुठली असेल ते बघायची माझी छाती झाली नाही. वही मिटून मी बाइक त्यांच्या बिल्डिंगखाली आणून लावली. तिसरा मजला, लिफ्ट नाही. चढताना ठरवत होतो की पर्स द्यायची, पाणी प्यायचं, निघायचं.

दार मधुकाकांनी उघडलं, ताईंच्या मिस्टरांनी. सत्तरीला आलेले, पोस्टातून रिटायर झालेले, कानाने पार गेलेले. "अगं, कोण आलंय बघ, रत्नदीप!" ताई आतून आल्या. वाळल्या होत्या. आधी मला बघून तोंडभर हसल्या आणि मग माझ्या हातातली पर्स दिसली. ते हसू विझलं. "पर्स नेली होती हेच मला आठवत नव्हतं," त्या म्हणाल्या आणि वही मागून घेऊन उभ्याउभ्याच लिहायला लागल्या, रविवार, पर्स. मी म्हटलं, "ताई, हात भरलेले होते, होतं असं." "होतं रे, तेच तर म्हणतेय." मग म्हणाल्या, "तुझा नंबर न विचारता घातला कार्डावर, रागावू नकोस. माझी लेक ऋजुता तिकडे परदेशात, आपला दिवस तिची रात्र. मधुला फोन वाजलेला ऐकू येत नाही. म्हटलं, रत्नदीप उचलेल. तू नेहमी उचलतोस." काका चहा टाकायला गेले. गॅसच्या शेगडीची बटणं काढून वर डब्यात ठेवलेली. त्यांनी स्टुलावर चढून डबा काढला, बटण बसवलं, चहा झाल्यावर परत काढून वर ठेवलं. या बाईंच्या हातची पुरणपोळी मी खाल्लेली आहे. डब्यातून आणायच्या, माझ्यासाठी दोन जास्त.

"बरं झालं आलास," ताई म्हणाल्या, "उद्या कल्याणला डॉक्टरांकडे जायचंय. ऋजुताने त्यांचा फॉर्म पाठवलाय, आधी भरून न्यायचा. तूच भर, तुला असलं छान लिहिता येतं." त्यात टोमणा असता तर मी वाचलो असतो. टोमणा नव्हता. आणि मग अगदी साध्या आवाजात, भाजी काय करायची ते सांगावं तसं, त्यांनी सांगितलं की बदलापूरच्या पुढे अशा माणसांची सोय असलेलं एक ठिकाण ऋजुताने बघून ठेवलंय, डॉक्टरांनी होकार दिला की त्या तिथे जाऊन राहणार आहेत. "ती नको म्हणत होती, मीच मागे लागले. मधुला माझं करायला लावणार नाही. आईचं मी केलंय. मला माहीत आहे काय काय करावं लागतं." काका चहाचा घोट घेत आमच्या दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीने बघत होते, शब्द पकडायचा प्रयत्न करत. मी पेन घेतलं. नाव. वय सत्तावन्न. शिक्षण, एमएस्सी गणित. चौथा प्रश्न, विसरण्याचा त्रास प्रथम कधी व कसा लक्षात आला? ताई डोळे मिटून सांगायला लागल्या. "लिही. चौदा ऑगस्ट. ऑफिसात सहकाऱ्याला अर्धवट नंबर सांगितला. त्यामुळे पेशंटांचे हाल झाले."

चौदा ऑगस्ट एवढं लिहिलं आणि हात थांबला. त्या एवढ्याशा वेळात माझ्या डोक्यात काय काय आलं ते सांगायची लाज वाटते, पण सांगतो. आलं, की उद्या डॉक्टर तपासतील, काही निघणार नाही, सगळं आपोआप मिटेल, आपण कशाला तोंड उघडा. आलं, की इतकी घाबरलेली बाई डॉक्टरांसमोर बसली तर आपलं नावही चाचरत सांगेल, आणि मग काहीतरी निघेलच. आलं, की प्रितमला कळलं तर खुर्ची जाईल. हेसुद्धा आलं. बाई घर सोडून चालल्यात आणि याला खुर्ची दिसतेय. आणि मग मला स्वतःची इतकी किळस आली की शब्द बाहेरच पडले. "ताई, तुम्ही आतला म्हणालेलात." त्यांनी डोळे उघडले. "तुम्ही फोनवर म्हणालेलात, आतला नंबर सांगते. मी ऐकलं होतं. मीच बघितलं नाही, सरळ मारला. मीटिंगमध्येही मला आठवत होतं." मग काका पुढे वाकले. "काय म्हणतोय तो? मोठ्यानं बोल रे बाबा, मशीन लावलेलं नाही कानाला." मी ताईंकडे बघितलं. त्या मला सोडवणार नव्हत्या. "मी खोटं बोललो, काका!" मी ओरडलो. "काय झालं?" "खोटं बोललो! ताईंची चूक नव्हती! माझी होती! ताईंना काही झालेलं नाही!" खिडक्या उघड्या होत्या, समोरच्या गॅलरीत कपडे वाळत घालणारी बाई थांबून बघायला लागली. काकांना ऐकू आलं. त्यांनी कप बशीत ठेवला आणि बशी हातात धरून तसेच बसून राहिले.

"माझे शब्द सांग," ताई म्हणाल्या, "जसेच्या तसे." मी सांगितले. लॅबच्या रिपोर्टचं काम अडकलंय, मला आतून बंद करता येत नाही, आतला नंबर सांगते, तेवीसशे अठरा. त्यांचे ओठ माझ्याबरोबर हलत होते. "मग मी हं म्हटलं. मग तुम्ही..." "बघून कर," त्या म्हणाल्या. "बघून कर म्हणाले होते मी. हो. म्हणाले होते." त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. "मग दूध?" त्यांनी विचारलं. "दूध दोनदा उतू गेलं ना माझं?" मी म्हटलं, "माझंही जातं, ताई." "तुझं विचारलं नाही मी." मग म्हणाल्या, "सात महिने रोज उठल्यावर एकोणतीसचा पाढा म्हणतेय. अडखळले की न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडायचे, मधुला दिसू नये म्हणून. तो बहिरा आहे हेही लक्षात यायचं नाही, नळ सोडायचे." मी म्हटलं की उद्याच प्रितमला सांगतो, रिपोर्ट बदलायला लावतो, सगळ्यांना मेल करतो, तर त्या म्हणाल्या, "ते तू करशीलच. मला कळवू नकोस." त्यांनी माझ्या हातातून फॉर्म घेतला. चौथ्या प्रश्नासमोर माझ्या अक्षरातलं चौदा ऑगस्ट होतं. त्यावर त्यांनी बोट ठेवलं, काहीतरी विचारणार असं वाटलं. "जा आता," म्हणाल्या. काका सवयीने म्हणाले, "अरे, चहा संपव." "नको," ताई म्हणाल्या, "जाऊ दे त्याला."

खाली आलो. बाइकपाशी उभा राहून किल्ली शोधत होतो, ती हातातच होती. फोन वाजला. ओळखीचा नंबर नव्हता, घरच्या फोनचा होता, डोंबिवलीकडचा. "रत्नदीप?" "हो, ताई." "कार्ड कात्रीने कापलं मी आत्ता. नंबर आठवून लावलाय. बरोबर लागला?" मी नुसती मान हलवली, फोनवर ती कुणाला दिसणार? "लागला का बरोबर?" "लागला, ताई." पलीकडे त्यांचा श्वास ऐकू येत होता, मोठा, सावकाश. मग म्हणाल्या, "हेल्मेट विसरलायस. मधु घेऊन येतोय खाली. तू वर येऊ नकोस." फोन ठेवला. जिन्यात काकांच्या सपाता वाजायला लागल्या, एक पायरी, मग कठडा धरून दम, मग दुसरी. सत्तरीचा माणूस, तीन मजले, माझं हेल्मेट हातात घेऊन. मी धावत जाऊन अर्ध्या वाटेत घेऊ शकलो असतो. वर येऊ नकोस असं सांगितलेलं होतं. म्हणून मी खाली उभा राहिलो.